निगेटिव्ह कुठे आहे, ते आधी विचारा

जगभरच्या कलात्मक सिनेमाच्या डिस्क जमवणाऱ्यांचा एक लाडका उद्योग आहे. पुढे काय येणार, याचे अंदाज बांधणे. अमेरिकेतली क्रायटेरियन ही कंपनी दर महिन्याच्या मध्याला साधारण तीन महिने पुढची यादी जाहीर करते. यादी येईपर्यंत तर्क, आली की हळहळ, आणि लगेच पुढच्या यादीचे तर्क. नववर्षाला हीच कंपनी एक चित्र प्रसिद्ध करते. त्यात वर्षभरात येणाऱ्या चित्रपटांच्या खुणा लपवलेल्या असतात आणि त्या चित्राच्या एकेका रेषेवर लोक दिवसचे दिवस वाद घालतात. बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यातही असे मोजके संग्राहक आहेत आणि या खेळात त्यांना कोणी कच्चे समजू नये.

खेळाला माझा विरोध नाही. पण तो खेळायला जे ज्ञान लागते ते बरेच मोठे आहे आणि ते आपण सगळेच्या सगळे परक्या दारात ओतून येतो. क्रायटेरियन यंदा कोणता जपानी सिनेमा काढणार हे ज्याला ओळखता येते, त्याला मराठी सिनेमा अशा यादीत का येत नाही हेही सांगता आले पाहिजे. आणि ते सांगता आले, तर त्यातले थोडेफार बदलताही येते.

आधी हे पाहू, की जाणता माणूस अंदाज बांधतो तो कशावर. नववर्षाच्या चित्रावर नव्हे, ती करमणूक. पहिली खरी खूण म्हणजे जीर्णोद्धार केलेल्या प्रतीचा पहिला खेळ कुठे झाला. मे महिन्यात कान महोत्सवाचा क्लासिक विभाग, जूनअखेरीस इटलीतल्या बोलोन्याचा जुन्या चित्रपटांचा महोत्सव, सप्टेंबरात व्हेनिस, ऑक्टोबरात फ्रान्समधले लिऑन. तिथे नवी ४के (सुमारे चार हजार ठिपके रुंद चित्राची) प्रत दाखवली गेली, म्हणजे कोणीतरी पैसे घालून फिल्म स्कॅन केली आहे आणि ते पैसे कुठून तरी परत यायला हवेत. दुसरी खूण, अमेरिकेतले चित्रपटगृहातले हक्क कोणी घेतले. जेनस फिल्म्स या वितरण कंपनीने घेतले असतील तर डिस्क क्रायटेरियनकडून येण्याची शक्यता दाट, कारण ही दोन्ही घरे पहिल्यापासून एकमेकांना जोडलेली आहेत. तिसरी खूण ब्रिटनमधली, आणि माझ्या मते सगळ्यांत भरवशाची. तिथे १९८४ च्या कायद्याने घरगुती व्हिडिओला प्रमाणपत्र लागते. बीबीएफसी या तिथल्या प्रमाणन मंडळाच्या जाहीर नोंदीत एखादा जुना बंगाली किंवा इराणी चित्रपट ‘व्हिडिओ’ या प्रकारात अचानक दिसला, तर कोणीतरी डिस्क तयार करत आहे हे नक्की. त्या नोंदीतली मिनिटेसुद्धा वाचायची. मुळात १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांचा दिसला, तर तो सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी (फ्रेमनी) चालणाऱ्या, पाल या टीव्हीच्या पद्धतीच्या जुन्या मास्टरवरून, म्हणजे प्रती काढण्याच्या मूळ टेपवरून, घेतलेला असण्याचा संभव आहे. म्हणजे घाई करून पैसे घालवू नयेत.

उलटी खूणही असते. एखादी डिस्क अचानक बाजारातून गायब होते तेव्हा बहुधा कंपनीकडचा परवाना संपलेला असतो. २०१० साली क्रायटेरियनचे स्टुडिओकॅनाल या फ्रेंच कंपनीकडून घेतलेले हक्क गेले आणि ‘द थर्ड मॅन’सारखी खपाची डिस्कसुद्धा छापायची बंद झाली. हक्क एका घरातून निघाले की ते दुसऱ्या कोणत्या तरी घरात जातातच, म्हणून हुशार संग्राहक नव्या यादीइतकीच बंद पडलेल्यांची यादीही पाहतो.

या सगळ्या खुणा अखेर दोनच गोष्टींपाशी येऊन थांबतात. निगेटिव्ह कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे, आणि परवान्यावर सही करण्याचा हक्क कोणाला आहे. दिग्दर्शकाची थोरवी तिसऱ्या क्रमांकावर येते. हे ऐकायला कडू लागते, पण भारतीय चित्रपटांचीच उदाहरणे घ्या. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या हेंडरसन लॅबोरेटरीतल्या आगीत होरपळली. जळके तुकडे अमेरिकेतल्या ऑस्कर अकादमीच्या संग्रहात जपून ठेवले होते म्हणूनच पुढे बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ते ओलावा देऊन मऊ करता आले, दुरुस्त करता आले. जिथे तुकडा उरला नव्हता तिथे इतर संग्रहांतल्या दुय्यम प्रती वापरल्या आणि २०१५ साली नवी प्रत लोकांपुढे आली. ऋत्विक घटक यांचा ‘तिताश एकटी नदीर नाम’ आणि उदय शंकर यांचा ‘कल्पना’ मार्टिन स्कोर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टच्या संचांतून डिस्कवर आले, अनुक्रमे २०१३ आणि २०२२ मध्ये. दोन्हींचा जीर्णोद्धार त्याआधी काही वर्षे होऊन गेला होता. रांग अशी लागते: आधी फिल्म, मग कागद, मग पैसा आणि सर्वांत शेवटी डिस्क.

सीमाभागातल्या वाचकाने नीट पाहावे असे उदाहरण कन्नडमधले आहे. गिरीश कासरवळ्ळी यांचा १९७७ चा ‘घटश्राद्ध’ २०२४ साली व्हेनिसला नव्या ४के प्रतीत दाखवला गेला. तो आपल्याकडच्या नव्या पिढीने पाहिलेला नाही, पण बेळगावात कन्नड समजणारा मराठी माणूस घरोघर आहे. त्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह होती पुण्यात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. दिग्दर्शक आणि निर्माते दोघेही कामात सोबत होते, म्हणजे सही कोणाची हा प्रश्नच उरला नाही. वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट आणि मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने काम हाती घेतले, प्रयोगशाळा बोलोन्याची. याच फाउंडेशनने श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ २०२४ मध्ये कानला नेला. चित्र पुण्यातल्या निगेटिव्हवरून घेतले, आवाज मात्र फाउंडेशनकडे असलेल्या चित्रपटगृहाच्या प्रिंटवरून. पाच लाख शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून उभ्या राहिलेल्या त्या चित्रपटाचा जीर्णोद्धारही अमूलच्या संघाच्या पैशातूनच झाला. कन्नड चित्रपटाची निगेटिव्ह पुण्यात सुखरूप आणि मराठी चित्रपटांच्या निगेटिव्हचा आपल्याला पत्ता नाही, असे असेल तर भाषिक अस्मितेची लढाई लढणाऱ्यांनी जरा या खोलीतही डोकवावे.

आता मराठीकडे. आपल्या घरात सिनेमा स्वस्तात आला तो व्हीसीडीने. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हा गल्लीतल्या किराणा दुकानातही सिनेमा मिळू लागला. खप झाला, पण जपणूक झाली नाही. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, ब्ल्यू-रेचे १९२० गुणिले १०८०. म्हणजे फरक विसेक पटीचा. एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटे मावतात म्हणून चित्रपट मधोमध तोडून दोन डिस्कवर घालायचा, आणि तो कुठे तोडायचा हे दिग्दर्शक ठरवत नसे. आज यूट्यूबवर जुने मराठी चित्रपट म्हणून जे दिसते त्यातले पुष्कळसे याच जातीच्या मास्टरवरून चढवलेले आहे. कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह, एखादे गाणे गायब. जुना जवळपास चौकोनी पडदा रुंद टीव्हीत बसवण्यासाठी वरून-खालून कापला, तर उंचीचा सुमारे चौथा हिस्सा जातो, आणि त्याबरोबर उभ्या पात्राचे कपाळही. ‘आहे की सगळं नेटवर’ म्हणणाऱ्याने एकदा हे कपाळ मोजावे.

ओटीटीचे उत्तर त्याहून थोडे बरे, पण तेही पुरे नाही. तिथला चित्रपट भाड्याने आलेला असतो. मुदत संपली की तो जातो आणि जाताना कोणाला विचारत नाही. क्रायटेरियनची स्वतःची वाहिनी २०१९ पासून चालू आहे, पण ती भारतासाठी नाही. महोत्सव हेही टिकाऊ उत्तर नव्हे. ‘श्यामची आई’ची नवी प्रत २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवली गेली. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की पणजी, त्यामुळे आपल्याला ती जवळची. तरी एका दुपारचा खेळ म्हणजे प्रकाशन नव्हे. पुस्तकाचे जाहीर वाचन झाले म्हणून पुस्तक छापले गेले असे आपण म्हणत नाही.

कायदा इथे आपल्या बाजूने थोडा झुकलेला आहे आणि संग्राहकांनी तो वापरायला हवा. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. १९६४ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा हक्क ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. ‘श्यामची आई’ १९५३ ची, तिचा २०१३ अखेर संपला. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा, तो तर त्याच्याही कितीतरी आधी. मात्र एवढ्यावर उडी मारू नये. चित्रपटात गुंतलेली कथा, संवाद, गीते आणि संगीत यांचे हक्क लेखक-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे चालतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून मूळ पुस्तक मोकळे झाले. आचार्य अत्रे १९६९ मध्ये आणि वसंत देसाई १९७५ मध्ये गेले. त्यांच्या लेखनाचा आणि संगीताचा धागा अजून तपासावाच लागतो. नंतरच्या चित्रपटांबाबत २०१२ ची दुरुस्ती महत्त्वाची. करार झाला तेव्हा जे माध्यम व्यवहारात नव्हते त्याचा हक्क, करारात स्पष्ट नाव नसेल तर, दिला गेला असे धरता येत नाही. आणि करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. जुन्या करारांना या तरतुदी कुठवर लागू होतात हे वकिलाकडून घ्यावे, पण ‘सगळे हक्क तेव्हाच विकले’ हे निर्मात्याच्या वारसाचे वाक्य कागद पाहिल्याशिवाय खरे मानू नये.

हक्क मोकळा असला तरी फिल्म हाती लागत नाही, ही दुसरी अडचण. निगेटिव्हची वस्तू आणि तिच्यावरच्या चित्रपटाचा हक्क या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. संग्रहालयात ठेव म्हणून दिलेली निगेटिव्ह ठेवणाऱ्याच्या संमतीशिवाय बाहेर येत नाही. काही निगेटिव्ह बंद पडलेल्या लॅबमध्ये थकलेल्या बिलापायी राहिल्या. पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेट या जुन्या, चटकन पेटणाऱ्या फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातची मूळ सामग्रीही होती. नंतरची अॅसिटेट फिल्म तशी भडकत नाही, पण उष्ण-दमट हवेत आंबते. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला की समजावे, ती आक्रसू लागली आहे. आक्रसलेल्या फिल्मची भोके स्कॅनरच्या दात्यांत बसत नाहीत, म्हणून दात्यांविना चालणारे स्कॅनर लागते आणि खर्च वाढतो. दहा वर्षे थांबू म्हटले तर तोवर स्कॅन करण्याजोगे काही उरेलच असे नाही.

खर्चाचा आकार कळावा म्हणून एक हिशेब. ३५ मिमी निगेटिव्हची पूर्ण चौकट ४के मध्ये ४०९६ गुणिले ३११२ ठिपक्यांची. रोजच्या वापरातल्या १०-बिट फाइलमध्ये ती सुमारे ५१ एमबी जागा घेते. दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी. म्हणजे नुसता कच्चा स्कॅन ८.८ टीबी. त्याची दुसरी प्रत वेगळ्या शहरात हवीच, म्हणजे दुप्पट. स्कॅन हा त्यातला सोपा भाग. डाग, ओरखडे, हलणारी चौकट, उडालेला रंग ही कामे माणसाने बसून करायची असतात. डिस्क छापणे या सगळ्यात स्वस्त. मास्टर आणि साचा यांचा ठरीव खर्च प्रतींवर विभागला जातो आणि युरोपातली छोटी प्रकाशने दोन-तीन हजार प्रतींच्या मर्यादित आवृत्तीवर उभी आहेत. दोन-तीन हजार हा आकडा मराठी ग्रंथव्यवहाराला परका आहे का? प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे आधी भरून जाडजूड खंड घेणारा वाचक बेळगावपासून मुंबईपर्यंत आहे. कडोली-उचगावसारख्या गावांत साहित्य संमेलने भरतात आणि मांडवात पुस्तकांचे गठ्ठे संपतात. त्याच वाचकाकडे डिस्कसाठी आगाऊ नोंदणी मागितली, तर तो निदान हसणार नाही.

इथे सीमाभागाला एक गोष्ट जास्त कळते. मराठी चित्रपटाच्या डिस्कवर कन्नड उपशीर्षके हवीत आणि कन्नड चित्रपटाच्या डिस्कवर मराठी. तांत्रिक अडचण शून्य आहे. डीव्हीडीवर आणि ब्ल्यू-रेवर उपशीर्षकांचे ३२ पदर घालता येतात आणि ते अक्षरांच्या रूपात नव्हे तर चित्रांच्या रूपात साठवलेले असतात. त्यामुळे पेनड्राइव्हवरच्या फाइलमध्ये टीव्ही जशी जोडाक्षरे फोडून टाकतो तसे इथे होत नाही. जे तयार केले तेच दिसते, देवनागरी असो वा कन्नड. हे काम पुण्या-बंगळुरूत कोणाला सुचण्याआधी बेळगावात सुचायला हवे, कारण दोन्ही भाषा एका घरात बोलणारा माणूस इथे सहज मिळतो. चांगले उपशीर्षक ओळीला चाळीसेक अक्षरे आणि एका वेळी दोन ओळी एवढ्यात बसवायचे. मालवणी किंवा चंदगडी बोलीतला संवाद कन्नडात नेताना प्रमाण कन्नड वापरायचे की धारवाडी, हा वाद जरूर घालावा. तो उपयोगाचा वाद आहे.

परदेशातून डिस्क मागवणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण पैसा तिथेच गळतो. ब्ल्यू-रे कुठे चालावी यासाठी जगाचे ए, बी, सी असे विभाग केले आहेत. क्रायटेरियनसारख्या अमेरिकी कंपन्यांच्या ब्ल्यू-रे बहुतेक ए विभागाच्या, भारत सी विभागात. साधा प्लेअर त्या वाचत नाही. ४के डिस्कला विभागाचे कुलूप नसते म्हणून लोक त्या घेतात, पण सोबतच्या मुलाखती आणि माहितीपट बहुधा जोडीच्या ब्ल्यू-रेवर असतात आणि ती कुलूपबंद. जुलैतल्या आणि नोव्हेंबरातल्या सवलतीत ३९.९५ डॉलरची डिस्क वीस डॉलरला दिसते खरी, पण सीमाशुल्क नुसत्या वस्तूवर नाही, वाहतूक आणि विम्यासकट धरलेल्या किमतीवर लागते आणि त्यावर जीएसटी. तीन-चार डिस्क एकत्र मागवल्याशिवाय हिशेब बसत नाही. घरी आलेली डिस्क उभी ठेवावी. जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीकडच्या ओल्या हवेत पुठ्ठ्याच्या वेष्टनाला आधी बुरशी धरते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकणाच्या डब्यात. जुन्या मराठी व्हीसीडी असतील तर छापील बाजूला जास्त जपा. सीडीत माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, तिथला ओरखडा पुसून निघत नाही. एखाद्या चित्रपटाची दुसरी कोणतीच प्रत सापडत नसेल, तर ती भिकार व्हीसीडीच उद्या प्रसंगांचा क्रम आणि कापलेले गाणे ओळखायला पुरावा ठरते.

मागणी कोणाकडे करायची, हेही स्पष्ट असावे. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहीम सुमारे ५९७ कोटींची आहे आणि पुण्याचे संग्रहालय २०२२ पासून एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाले आहे. त्यांच्याकडे प्रत्येक मराठी चित्रपटाची नोंद जाहीर मागावी: निगेटिव्ह आहे की प्रिंट, आवाजाची निगेटिव्ह वेगळी आहे का, किती रिळे, शेवटची तपासणी कधी, ठेव कोणाच्या नावे. यात गुपित ठेवण्यासारखे काही नाही आणि जनतेच्या पैशाने ठेवलेल्या वस्तूची यादी जनतेला मिळावी, ही मागणी उद्धट नाही. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्याच्या शेवटच्या हप्त्याला एक अट जोडावी, की चित्रपटाचा असंकुचित (कॉम्प्रेस न केलेला) मास्टर, वेगवेगळे ध्वनिपट आणि उपशीर्षकांची फाइल संग्रहालयात जमा झाल्याची पावती द्या. आजचा डिजिटल चित्रपट फिल्मपेक्षा लवकर हरवतो. सांकेतिक किल्लीशिवाय न उघडणारी थिएटर-प्रत आणि बंद पडलेली हार्डडिस्क एवढेच हाती राहिले, की वीस वर्षांनी पुन्हा व्हीसीडीच शोधत बसावे लागेल. आणि १८४८ पासून चालत आलेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांनी पुस्तकांशेजारी डिस्कचे एक कपाट आणि विभागमुक्त प्लेअर ठेवावा. जाहीर खेळ करायचा झाला तर परवानगी वेगळी घ्यावी लागेल.

राहिले संग्राहक. पुढच्या यादीचा अंदाज बांधायला जितके तास जातात, त्यातले काही या कामाला द्यावेत. एकेकाने एकच मराठी चित्रपट घ्यावा. श्रेयनामावलीतून निर्मितीसंस्था, लॅब आणि ध्वनिमुद्रणाची जागा उतरवून घ्यावी. सेन्सॉर प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख आणि लांबी टिपावी. लांबी मीटरमध्ये असेल तर ३५ मिमीसाठी २७.४ ने भागल्यावर मिनिटे मिळतात आणि हाती असलेल्या प्रतीतून किती कापले गेले ते लगेच कळते. मग निर्मात्याच्या वारसांना साध्या टपालाने पत्र पाठवावे, त्यात चारच प्रश्न: करार कोणाकडे आहे, निगेटिव्ह कुठे ठेवली होती, व्हिडिओचे हक्क कोणाला आणि किती वर्षांसाठी दिले होते, आणि स्कॅन करायला तुमची हरकत आहे का. उत्तर आले नाही, तर एका महिन्याने पुन्हा पाठवावे. या वेळी पोचपावतीसह.